बादशाहाची विहीर

या, असे सतरंजीवर सरकून बसा. गोष्ट आहे लातूर जिल्हा नवानवा झाला तेव्हाच्या दुष्काळातली. पण गोड आहे, ऐका.

उदगीरकडच्या एका गावात विरूपाक्षबुवा कीर्तन करीत. तिथल्या विहिरीकाठच्या महादेवाच्या देवळात लाल फडक्यात गुंडाळलेली बादशाही सनद होती. दर शिवरात्रीला तिला गंध-फूल वाहायचं, उघडायची मात्र नाही, असा रिवाज. बुवा वीस वर्षं रंगवून सांगत, "बादशाहाच्या स्वप्नात महादेव आला, म्हणून त्यानं ही विहीर देवाला दिली!" माणसं डोळे मिटून डोलत. बुवांना तर तो बादशाह नंदीमागे हात जोडून बसलेला दिसे.

त्या साली विहिरीचा तळ उघडा पडला. विहिरी खोल करायच्या योजनेचे साहेब कारकुनाला घेऊन आले. कुणी विचारायच्या आधीच बुवांनी आख्यान लावलं.

"म्हंजी विहीर देवाची खासगी झाली की," कारकून म्हणाला. "योजना सरकारी विहिरींना हाय."

पाण्याला आलेल्या साखराबाईनं रिकामी घागर आदळली. "घ्या! बुवा, आता काय सपनातलं पाणी शेंदायचं?"

"सनद तरी दाखवा," साहेब म्हणाले.

रिवाज मोडून फडकं सोडलं तर आत फारसी, आणि गावात ती येई एकट्या जिलानीचाचांना. ते भांड्यांना कल्हई करीत.

"चाचा, इतकी वर्षं वाचली का न्हाई?" बुवांनी विचारलं.

"तुम्ही दिली कवा? मी तर दर साली उदबत्तीच लावून राहिलो."

चाचांनी चष्मा पुसला, वाचलं आणि थबकले. "बुवा, सांगू का राहू देऊ?"

"सांगा."

"बावडी फौजेच्या घोड्यांसाठी सरकारी खर्चानं खोदली. लोक तिथं कपडे धुतात. पहाऱ्याला शिपाई परवडत न्हाई. सबब काठावर हिंदूंचा देव बसवावा, म्हंजी कुणी घाण करणार न्हाई."

महादेव पहारेकरी निघाला! साहेबांना मात्र एकच गोष्ट ऐकू आली. "सरकारी खर्चानं? मग विहीर सरकारीच." झाली सही.

महिन्याभरात पाणी लागलं. काठावर बुवा कीर्तनाला उभे राहिले आणि त्यांनी चाचांकडे पाहिलं.

"सपनवालंच सांगा बुवा," चाचा हळूच म्हणाले. "लई गोड हाय ते."

"न्हाई चाचा." बुवांनी डोळे मिटले. मिटल्या पापण्यांआड लांबच्या वाटेनं एक घोडा आला, तोंडाला फेस, मान पाण्याशी लववून उभा. त्याचं पिऊन होईस्तोवर महादेव राखणीला बसलेला. "बादशाहाच्या मनात काय होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. पण मायबापहो, पहिला घोट घेताना त्या तहानलेल्या मुक्या जिवाची आठवण ठेवा."