गव्हावर गहू

रांगेच्या नंबरांसाठी आणलेल्या त्या पत्र्याच्या बिल्ल्यांतून भीमराव गायकवाडांना जे मिळायचं होतं, ते एका वाटीत मावलं असतं. गिरणीत बायका डबे घेऊन खोळंबतात ते थांबलं असतं, कांताबाईंचा ओरडून बसणारा घसा वाचला असता, आणि त्या वाचलेल्या घशातून भीमरावांसाठी एकदा तरी "बरं केलंत" एवढं निघालं असतं. पहिल्या दोन गोष्टी लोकांना सांगायला होत्या. खटाटोप सगळा तिसरीसाठी.

नारायण पेठेतली ती पिठाची गिरणी कांताबाईंची, म्हणजे भीमरावांच्या बायकोची. भीमराव पिंपरीला स्कूटरचे भाग जोडणाऱ्या कारखान्यात होते तेव्हाच कांताबाईंनी ती उभी केली होती. पुढे देशात परदेशी माल आला आणि कारखान्यात जपानी वारं शिरलं. साहेबांनी सगळ्यांना बसवून शिकवलं, की मोठ्या उड्या मारू नका, रोज एक बारीक सवय बदला. भीमरावांना ते मनापासून पटलं. त्यांनी सुचवलं, स्क्रूचा ट्रे उजवीकडून डावीकडे ठेवा. ट्रे डावीकडे गेल्यावर असं लक्षात आलं की त्या टेबलावरचं तिघांचं काम दोघांत उरकतंय. साहेबांनी भर सभेत भीमरावांना प्रशस्तिपत्र दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि महिन्याभरात स्वेच्छानिवृत्ती दिली. तिसरा माणूस तेच निघाले होते. स्वेच्छा कोणाची, याचा पत्रात उल्लेख नव्हता.

तेव्हापासून भीमराव गिरणीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसत. ती खुर्ची पूर्वी कांताबाईंची होती. आता त्या उभ्याने दळत आणि भीमराव बसून सुधारणा शोधत. पहिली सुधारणा ब्रशची. चक्कीवरचं पीठ झाडायचा ब्रश त्यांनी खिळ्याला टांगला आणि भिंतीवर त्याच्याभोवती खडूने रेघ मारली.

"हे काय?"

"ब्रशची जागा. रिकामी रेघ दिसली की समजायचं, ब्रश जागेवर नाही."

"हातात ब्रश असताना मला ते समजत नव्हतं होय?" कांताबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून ब्रश त्याच खिळ्याला लागायला लागला. भीमरावांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिल्याचं कांताबाईंनी पाहिलं.

मग वाघोलीहून आम्रपालीचा, म्हणजे मुलीचा, फोन आला. बाळाला ताप होता आणि तिच्या आयटी कंपनीत कसलंसं डिलिव्हरीचं काम अडलं होतं. कांताबाई शनिवारी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "सोमवारी गर्दी असेल. मंगळवारी अंगारकी आहे. डोकं चालवू नका, नुसती चक्की चालवा."

भीमरावांनी रविवारी जुन्या बाजारातून नंबर ठोकलेले बिल्ले आणले.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कांताबाईंकडे डबे येत एका क्रमाने आणि दळले जात भलत्याच. आधी आलेली बाई मागे राहायची, नंतरची पुढे जायची, आणि कांताबाई मधूनच ओरडायच्या, "गहू कुणाचे? गव्हावर गहू टाका!" याला कारखान्यात गोंधळ म्हणतात. सोमवारी सकाळी भीमरावांनी पाटी लावली, 'प्रथम येईल त्याचे प्रथम', आणि दारातच बिल्ले वाटायला सुरुवात केली. पहिला बिल्ला खानावळवाल्या बजरंगच्या बाजरीला गेला. दुसरा यमुनाबाई दामल्यांच्या उपवासाच्या भाजणीला. तिसरा गव्हाला, चौथा हरभऱ्याच्या डाळीला, पाचवा परत गव्हाला.

दुपारी एकच्या आत सगळे डबे गेले. एरवी दीड वाजायचा. भीमरावांनी चहा मागवला आणि बिल्ल्यांभोवती भिंतीवर खडूने गोल काढले.

खरं तर घरात कुणी उपवास धरत नसे. छप्पन्न सालापासून गायकवाडांच्या घरातून ते सगळं गेलं होतं. पण कांताबाईंचा एक दंडक होता, की आपण उपवास धरत नाही म्हणजे दुसऱ्याचा मोडायचा असं नाही. म्हणून त्या सकाळी चक्की झाडून आधी उपवासाचं दळत, मग गहू, मग ज्वारी-बाजरी, डाळी सगळ्यांत शेवटी. आधीच्या दळणाचं मूठभर पीठ चक्कीत राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. भीमरावांच्या मते पीठ ते पीठ. मूठभर बाजरीने कोणाचं काय बिघडतं?

मंगळवारी भर दुपारी, गिरणी बंद असताना, दार वाजलं. यमुनाबाई उभ्या होत्या. हातात ताटली, ताटलीत थालीपीठ.

"भीमराव, हे ओळखा."

"थालीपीठ."

"रंग?"

भीमरावांनी वाकून पाहिलं. रंग बाजरीचा होता.

"आमच्या अख्ख्या भजनी मंडळाचा उपवास मोडलात. अंगारकीचा! शोभाताई म्हणाल्या, चव छान आहे, तेव्हाच मला शंका आली."

अशा वेळी काय करायचं, हे साहेबांनी शिकवलेलं होतं. चिडायचं नाही. पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं.

"यमुनाबाई, आपण शांतपणे बघू. थालीपीठ काळं का झालं?"

"तुम्ही बाजरीवर दळलंत म्हणून."

"बाजरीवर का दळलं?"

"बजरंग माझ्या आधी आला म्हणून."

"आधी आला तर आधी का घेतला?"

"तुम्ही बिल्ले वाटलेत म्हणून."

"मी बिल्ले का वाटले?"

"तुम्हाला दुसरं काम नाही म्हणून."

"मला दुसरं काम का नाही?" सवयीने शब्द गेला आणि भीमरावांना तो परत घ्यावासा वाटला.

"ते तुमच्या कंपनीला विचारा," यमुनाबाई म्हणाल्या आणि ताटली तिथेच ठेवून गेल्या. मूळ कारण सापडलं होतं. शेवटी भीमरावांनी ते थालीपीठ खाल्लं. चव खरंच छान होती.

बुधवारी पेठेत ही बातमी सगळ्यांना माहीत होती. गिरणी उघडली तेव्हा बायका रांगेत होत्या, पण हातातल्या बिल्ल्याप्रमाणे कोणी उभं राहीना; जी ती दुसरीला विचारू लागली.

"तुमच्या डब्यात काय?"

"ज्वारी."

"मग मागे सरका. माझे गहू आहेत."

"मी सातपासून उभी आहे!"

"उभ्या राहा की. ज्वारी काय नासतेय?"

बजरंग बाजरी घेऊन आला तर त्याला सगळ्यांनी मिळून पार फुटपाथवर पाठवलं. एक वरीवाल्या आजी आपण होऊन पहिल्या नंबरावर जाऊन बसल्या. गहू आणि ज्वारी यांच्यामधल्या जागी कोण उभं राहणार, यावरून जुंपली. तेव्हा खाटेपुरतं भाडं भरून कॉट बेसिसवर राहणारी पायल म्हणाली, "काका, माझं मल्टिग्रेनच आहे. मला कुठेही टाका, आय डोंट माइंड." सगळ्यांनी तिला आनंदाने मध्ये घेतलं. तिच्या आयुष्यात तिला इतकं कोणी हवंहवंसं म्हटलं नसावं.

पंधरा मिनिटांत बायकांनी आपसांत बिल्ले बदलले आणि रांग लागली ती थेट कांताबाईंच्या क्रमाची. ओरडायला कोणी नव्हतं आणि ओरडायची गरजही नव्हती. भीमराव फक्त डबे ओतत होते. काही वेळाने बायका डबेही स्वतःच पुढे सरकवू लागल्या.

गुरुवारी गिरणीला सुट्टी. शुक्रवारी कांताबाई परतल्या. रांग बघून त्या दारातच थांबल्या. गव्हावर गहू पडत होते, ज्वारीवर ज्वारी. ब्रश खिळ्याला होता. बिल्ले आपापल्या गोलात होते. यमुनाबाईंचं प्रकरण त्यांना कोपऱ्यावरच कळलं होतं. भीमराव मान खाली घालून वाट बघत होते.

कांताबाईंनी दुपारपर्यंत एकटीने दळलं. मधूनमधून त्या खुर्चीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरं केलंत."

भीमरावांनी वर पाहिलं. ऐकण्यात चूक नव्हती.

"खरंच बरं केलंत. आता रांग आपली आपण लागते. घसा नाही, धावपळ नाही. एका माणसाचं काम आहे."

'एका माणसाचं' म्हटल्यावर भीमरावांना स्क्रूचा ट्रे आठवला.

"आम्रपालीला आता रजा मिळणार नाही," कांताबाई म्हणाल्या. "बाळाला सांभाळायला माणूस हवंय. तुम्ही सोमवारपासून तिकडेच राहा."

"साहेबांसारखं बोललीस."

"साहेबांनी घड्याळ दिलं. मी डबा देते." त्यांनी खरंच मोठा डबा भरून दिला. गव्हावर दळलेले गहू, मुठीएवढीही भेसळ नाही.

सोमवारी वाघोलीच्या बसमध्ये भीमराव शेजारच्या सीटवर डबा ठेवून बसले. पेठेला शुद्ध पीठ मिळालं होतं, यमुनाबाईंना पुढच्या अंगारकीपर्यंत पुरेल इतका विषय, आणि कांताबाईंना त्यांची खुर्ची. ती त्या आता भिंतीला टेकवून बसत असतील. खिशात खडू होता. त्याने आता कशाभोवती रेघ मारायची, हे भीमरावांना सुचेना.

"काका, डब्याचं निम्मं तिकीट पडेल," कंडक्टर म्हणाला.

"नुसतं पीठ आहे हो."

"असेल. पण काम काही नाही आणि जागा अडवून बसलंय. पैसे पडणारच."

भीमरावांना नियम बिनतोड वाटला. त्यांनी दोघांचेही पैसे दिले.