कात्री आत राहिली

बायकोची कात्री पुन्हा कधी बोथट होणार नाही अशी करून देतो, असं मी एकदा जेवताना जाहीर केलं. दुसऱ्या कुणा नवऱ्याने हे म्हटलं असतं तर ती थाप ठरली असती. पण आमच्या प्रयोगशाळेत धातूच्या आयनांचा झोत सोडणारं यंत्र आहे आणि ते मी चालवतो.

बायको कपडे शिवते. तिच्या कात्रीने कुणी साधा कागद कापला तरी आठवडाभर घरात बोलणं बंद असतं. तिला मी समजावून सांगितलं. टायटॅनियमच्या कांडीवर विजेची ठिणगी पाडायची, की त्या धातूचा प्लाझ्मा होतो, म्हणजे वाफेपेक्षाही तापलेला, चमकणारा वायू. त्यातले आयन हजारो व्होल्ट लावून खेचायचे आणि कात्रीच्या पात्यावर मारायचे. ते पोलादात घुसून बसतात आणि पातं कणखर होतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या कात्रीला हात लावायचा नाही."

मी याचा अर्थ असा घेतला की तिला आधी नको वाटतंय, पण नंतर आनंद होईल.

चार दिवसांनी सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी कात्री टॉवेलात गुंडाळली आणि प्रयोगशाळा गाठली. यंत्राच्या टाकीत ती पकडीत बसवली, दार लावलं, हवा उपसणारा पंप सुरू केला. टाकीत हवा जवळजवळ उरली नाही, तरच झोत नीट निघतो. इथेच घोळ झाला. बायको कात्रीच्या सांध्याला तेल घालते, आणि तेही तान्ह्या बाळाच्या टाळूवर थापावं तसं सढळ हाताने. त्या तेलाची वाफ निघत राहिली आणि दाबाचा काटा अर्ध्यावर येऊन अडला, तो लग्नघरातल्या रुसलेल्या काकांसारखा काही केल्या हलेना.

दुपार होत आली तेव्हा कुठे काटा खाली आला. मी बटण दाबलं. काचेतून निळसर झगमगाट दिसू लागला. मी शीळ वाजवत होतो, इतक्यात दार उघडलं. आमचे साहेब आत आले आणि त्यांच्यामागे पाहणी समिती. हे यंत्र पुढे चालू ठेवायचं की भंगारात काढायचं, हे ठरवायला उद्या येणारी मंडळी आजच उगवली होती.

समितीच्या अध्यक्षबाईंनी काचेला डोळा लावला आणि ही कात्री आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, नमुना आहे. साहेबांचे कान लाल झाले.

तेवढ्यात गेटवरून फोन आला, तो मी उचलला. आमच्या फोनचा रिसीव्हर बिघडलेला असल्याने पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येतं. गेटवरचे रखवालदार मामा म्हणाले, "साहेब, तुमच्या मिसेस आल्यात. कात्री आत राहिलीय म्हणतात. प्लाझ्माचं पण काहीतरी आहे. मी ॲम्ब्युलन्स बोलावलीय, तुम्ही फक्त रक्तगट सांगा!"

झालं होतं असं. एक नवरी लग्नाच्या पोशाखाचं कापड घेऊन दारात उभी आणि टेबलावर कात्री नाही. ती कुठे गेली असेल, हे बायकोला सांगायला कुणी लागलं नाही. खडूने आखलेलं कापड पोटाशी धरून ती थेट गेटवर आली आणि म्हणाली, कात्री आत आहे, प्लाझ्मात. मामांच्या बहिणीचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे प्लाझ्मा म्हणजे रक्तपेढीतला, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. बायको मला काही झालेलं नाही म्हणत राहिली. मामा म्हणाले, धक्क्यात माणूस असंच बोलतं.

शेवटी ती चाकाच्या खुर्चीतून, दोन स्ट्रेचरवाल्यांसह आमच्या खोलीत दाखल झाली. समितीने बाजूला होऊन वाट दिली. एका सदस्याने पाणी पुढे केलं.

"अहो, कात्री," ती म्हणाली.

साहेबांनी टाकीत हवा सोडायला लावली. मी कात्री काढून दिली. धारेत काही फरक पडलाय का पाहू या, असं अध्यक्षबाई म्हणाल्या, तशी बायको खुर्चीतून उठली. स्ट्रेचरवाले नको नको म्हणत असताना तिने बैठकीच्या टेबलावर कापड पसरलं आणि खडूच्या रेघेवर कात्री चालवली. चार पदरी साटिन, पण पातं कुठे अडखळलं नाही. अध्यक्षबाईंनी स्वतः एक चिंधी कापून पाहिली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. यंत्र चालू राहणार, असं अध्यक्षबाईंनी निघताना सांगितलं आणि बायकोकडे झग्याचं माप देऊन गेल्या.

घरी परतताना माझे पाय जमिनीवर नव्हते. बायको म्हणाली, "कालच धार लावून आणली होती मी तिला."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"तुमचे साहेब किती कौतुकाने बघत होते तुमच्याकडे. म्हटलं, राहू दे."

सकाळी मी साहेबांना सगळं सांगून टाकलं. आम्ही तपासलं, तर झोत बोटभर बाजूला गेला होता. कात्रीवर काहीच पडलं नव्हतं, जे पडलं ते सगळं पकडीवर. साहेबांनी लगेच अध्यक्षबाईंना फोन केला. त्या पोट धरून हसल्या. निर्णय आमच्या आधीच्या प्रयोगांवरून झालाच होता, कालची भेट फक्त यंत्र बघायला होती, असं त्या म्हणाल्या. मग साहेबांनी त्या पकडीवर टोकदार सळई खसाखसा ओढली. साधा ओरखडा उठला नाही.

हे मी घरी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बायको शिवणावरून नजर न उचलता म्हणाली, "मग ती पकड आणा घरी. वाळत घातलेल्या चादरी उडतात."