झाडाने पडू नये, असा ठराव

एका जंगलात जे काही झालं, त्याला एकटा टोक्या साळिंदर जबाबदार होता. बाळांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांचा जीव भांड्यात पडेल.

टोक्याच्या बिळावर एक वाळकं झाड झुकलं होतं. मुळं उघडी पडलेली. वारा सुटला की करकरायचं आणि बिळात माती सांडायची.

साळिंदराला खणता येतं. कुठलंही शहाणं साळिंदर जरा लांब जाऊन नवं बीळ खणून मोकळं झालं असतं. पण टोक्या जागरूक नागरिक होता.

त्या जंगलात सगळ्यांच्या हातात फोन होते. ज्यांना हात नव्हते त्यांनी शेपटीत धरले होते. फोनवर एक ग्रुप होता, 'लोकशाही सराव मंडळ'. ॲडमिन अप्पा हत्ती. जंगलात राज्य सिंहाचंच होतं, पण ग्रुपवर प्रत्येकाला मत होतं. त्यामुळे सगळे खुशीत होते.

टोक्याने लिहिलं, "माझ्या बिळावर झाड पडतंय. अप्पा, तुम्ही एक धक्का दिलात तर पलीकडे ओढ्यात जाईल."

पहिलं उत्तर घोरपडकाकूंचं आलं. गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. काकूंना दुसरं काही येत नव्हतं, पण जे येत होतं ते त्या रोज करायच्या. यालाच ज्येष्ठता म्हणतात.

"काकू, झाड पडतंय!"

"आधी सुप्रभात म्हण रे. घरी काही वळण लावलं नाही वाटतं?"

टोक्या सुप्रभात म्हणाला.

मग अप्पा उगवले. "अशी थेट कामं सांगायची नसतात, बाळ. रीतसर विषय मांड. मतदान घेऊ."

टोक्या हरखून गेला. मतदान! तेही त्याच्या झाडावर! त्याने लगेच प्रश्न टाकला: झाड ढकलायचं का? हो की नाही?

सांबरकाकांनी हरकत घेतली. "दोनच पर्याय? ही तर हुकूमशाही झाली!"

मग 'चर्चा व्हावी' हा पर्याय वाढवला. 'आमच्या वेळी झाडं अशी पडत नसत' हाही वाढवला. काकू रुसल्या म्हणून 'सुप्रभात' वाढवला.

'सुप्रभात' प्रचंड बहुमताने निवडून आलं.

"अहो, पण झाडाचं काय?" टोक्याने विचारलं.

"हरलास की लगेच चिडचिड," सांबरकाका म्हणाले. "तुमच्या पिढीला पराभव पचतच नाही. चल, मधला मार्ग काढू. ढकललं तर झाडाच्या भावना दुखावतील. त्यापेक्षा झाडाने पडू नये, असा ठराव करू."

ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्यांचा नुसता पाऊस. टोक्यानेही टाळ्या पाठवल्या. बघा, म्हणजे चूक कोणाची ते.

"एक लक्षात ठेव," अप्पांनी बजावलं, "ज्याच्यासाठी ठराव झाला त्याने जागा सोडली, तर ठराव बाद."

म्हणून टोक्या बिळातच बसला. छाती फुगवून बसला. वर झाड करकरत होतं, पण आता ते बेकायदा करकरत होतं.

दुपारी वारा सुटला. झाड ग्रुपवर नव्हतं. ते पडलं.

टोक्याची किंकाळी ऐकून अप्पा आले. त्यांनी सोंडेने ओंडका उचलला आणि काडी फेकावी तसा ओढ्यात फेकला.

पाय धरून कण्हणारा टोक्या बघतच राहिला. "अप्पा, इतकं सोपं होतं?"

"मग? हत्ती आहे मी."

"मग आधी का नाही?"

"अरे वेड्या, ग्रुपचं नाव तरी वाचायचंस. सराव मंडळ! परवा सिंहाने गुहेपुढची चिंच काढायला सांगितली, तेव्हा मी मतदान घेतलं होतं का? फोन ठेवायच्या आत काढली."

"म्हणजे आमची मतं..."

"छान असतात रे! देत राहा. सवय राहते."

मग अप्पांनी टोक्याला ढिगाऱ्यावर नीट बसवलं, शेजारी उभं राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. काकूंनी त्याखाली गुलाब ठेवला.

टोक्याचं बीळ गेलं आणि मागचा डावा पाय कायमचा लंगडा झाला.

तात्पर्य: बाळांनो, डोक्यावर झाड पडत असेल तर जागचे हलू नका, मोठ्यांचा मान राखा आणि आधी सुप्रभात म्हणा. पाय काय, चार असतात.