तांडेलांचं दुसरं माप

तांडेलांना किती वाजले असं विचारलं, तर ते आधी मनगटावरचं घड्याळ बघतात, मग भिंतीवरचं. दोन्हींत फरक असेल तर वेळ सांगतच नाहीत.

"दोघं भांडतायत, मॅडम. मिटलं की सांगतो."

मी नेरुळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाचनालयाच्या लाकडी पार्टिशनपलीकडे सर्व्हर रूम आहे आणि तिथे तांडेल आहेत. हुद्दा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा, पण कॉलेजात त्यांची ओळख 'कोनी मोजलं?' अशी आहे. कोणताही आकडा कानावर पडला की त्यांचा पहिला प्रश्न हाच. दुसरा, "कशानं मोजलं?" प्राचार्यांनी एकदा भर सभेत "आपला निकाल उत्तम लागला" असं जाहीर केलं, तेव्हा मागच्या रांगेतून हे दोन्ही प्रश्न आले होते. तेव्हापासून तांडेलांना सभेचं निमंत्रण जात नाही.

स्वतःचं वजन ते सीवूड्सच्या मॉलमध्ये करतात आणि मग जुईनगरच्या भंगारवाल्याकडे ताडून घेतात. भाजीवाला त्यांना लांबून बघून काटा पुसायला घेतो. मासळी मात्र ते मोजून घेत नाहीत. सारसोळ्याच्या कोळणीचा मुलगा. "वाट्याला काटा नसतो, मॅडम, डोळा असतो," म्हणतात.

असा माणूस सर्व्हरवर बसवणं ही कॉलेजने चुकून केलेली चांगली गोष्ट. डिस्क किती भरली हे सांगणाऱ्या दोन कमांड असतात, डीएफ आणि डीयू, आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही. का, ते तांडेलांनी मला होडीवरून समजावलं होतं.

"होडी किती बुडाली ते बगायचं, ते डीएफ. आतल्या टोपल्या एकेक करून मोजायच्या, ते डीयू. आता टोपल्या कमी हायत आनि होडी जास्त बुडालीय, तर?"

"तर?"

"तर होडीत कोनतरी बसलाय, ज्याला तुमी मोजला नाय."

थोडा फरक असायचाच. होडीच्या लाकडालाही वजन असतं. तेवढा त्यांना तोंडपाठ होता. त्याहून कणभर जास्त दिसला, की तांडेलांना डबा गोड लागत नसे.

त्यांचं खरं जमायचं ते गणिताच्या पेठे सरांशी, म्हणजे रोज भांडण व्हायचं. विषय एकच, सारसोळ्याच्या जेट्टीवर भरती किती वाजता पूर्ण होणार. तांडेलांचा हिशोब वडिलांकडून आलेला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास. पेठे सरांनी त्यावर नाक मुरडून चंद्र-सूर्यासकट एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो सर्व्हरवर चालू करून दिला. रोज सकाळी तो एका फाईलमध्ये एक ओळ लिहायचा, आजची भरतीची वेळ. कॉलेज सुटल्यावर भरती असेल त्या दिवशी दोघं जेट्टीवर जायचे. पाणी पायरीवर थबकून मागे वळलं, की दोघं दोन घड्याळं बघायचे.

"सर, सात मिनिटं चुकले तुमी!"

"आणि तुम्ही चोवीस, तांडेल."

"आमचं माप लय जुनं हाय. त्याला जरा वय झालंय."

कधी सर म्हणायचे की आज खाडीचंच काहीतरी बिघडलंय. तांडेल ते चालू द्यायचे नाहीत. "मानूस चुकतो, मशीन चुकतं. पानी चुकत नाय, सर."

गेल्या वर्षी सुट्टीत पेठे सर गेले. ऑफिसने शोकसभा घेतली आणि दुसऱ्याच दिवशी परिपत्रक काढलं: सरांचं अकाउंट आणि सर्व फाईली काढून टाकाव्यात. तांडेलांनी दहा मिनिटांत काढल्या आणि तसा रिपोर्ट दिला. मला तेव्हा माणूस जरा कोरडाच वाटला.

मग यंदा, तपासणी समिती येण्याच्या आदल्या दिवशी, सर्व्हर भरला. परीक्षेचे फॉर्म उघडेनात. जागा व्हावी म्हणून प्रसिद्धी विभागाने जुन्या फिल्मा डिलीट केल्या, तरी डीएफ म्हणे भरलेलाच. आमच्या संस्थेचे डायरेक्टर आले. ते नेहमी असे चालतात, की पुढे कुठेतरी कापायची फीत असावी.

"रीस्टार्ट करा. माझा लॅपटॉप असाच ठीक होतो."

"नाय," तांडेल म्हणाले. मागे 'सायेब' लावायचंही विसरले. "चार वाजेपर्यंत द्या."

"चारला मी स्वतः बटण दाबेन."

ते गेल्यावर मी पार्टिशनवरून डोकावले. "अहो, एवढा काय हट्ट? करा की रीस्टार्ट."

तांडेलांनी आधी दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "सरांचा प्रोग्रॅम चालू हाय, मॅडम."

"पण तुम्ही तर डिलीट केला!"

"डिलीट म्हंजे यादीतून नाव काढलं. पन चालू प्रोग्रॅमनं फाईल धरून ठेवली असेल, तर ती होडीतच ऱ्हाते, बिननावाची. बंद करा असं परिपत्रकात नव्हतं. तो रोज सकाळी आपली ओळ लिहितो. मी मागच्या दारानं वाचतो. रीस्टार्ट केला की गेला."

"मग कॉपी काढून ठेवा."

"काढलीय. तीन ठिकानी." मग म्हणाले, "कॉपी परत चालू करता येईल. पन हा सरांनी चालू केलेला हाय."

मी चहा मागवला.

साडेतीनला पलीकडून एक हुंकार आला. होडीतला न मोजलेला प्रवासी सापडला होता. लॉबीतल्या टीव्हीवर डायरेक्टरांच्या पदग्रहणाची फिल्म लावलेली असे. टीव्ही बिघडला म्हणून केव्हाच काढला. फिल्म आज डिलीट केली. पण ती दाखवणारा प्रोग्रॅम थांबवायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याने फिल्म घट्ट धरून ठेवली होती. तांडेलांनी तेवढाच प्रोग्रॅम बंद केला. होडी वर आली, फॉर्म उघडू लागले.

चारला डायरेक्टर बटणासाठी बोट तयार ठेवूनच आले.

"काय होतं?"

"तुमचं भाषन, सायेब. अकरा महिने चालू होतं. टीव्ही नाय, बगनारा नाय, तरी चालूच."

"कुणी थांबवलं कसं नाही?"

"तुमचं भाषन थांबवनार कोन?"

डायरेक्टरांनी हे कौतुक म्हणून घेतलं. जाता जाता, काहीतरी तांत्रिक विचारावं म्हणून, म्हणाले, "आता दोन्ही आकडे जुळले ना?"

"जुळले, सायेब."

तांडेलांच्या हातातली आकड्यांची चिठ्ठी मला पार्टिशनवरून दिसत होती. आकडे जुळले नव्हते. होडीच्या लाकडाहून कणभर जास्त उरत होतं, बिननावाचं. तांडेलांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर जेट्टीवर गेले. मनगटावर एक घड्याळ आणि हातात दुसरं, असे ते पायरीवर उभे. सरांच्या ओळीप्रमाणे भरती पाच बावन्नला पूर्ण व्हायची होती. पाच बावन्न झाले. पाणी चढतच होतं. पाच अठ्ठावन्नला ते पायरीवर थबकलं आणि मागे वळलं. दोन्ही घड्याळांचं आज एकमत होतं.

"सहा मिनिटं," मी म्हटलं. "सर चुकले ना?"

तांडेलांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं.

"नाय, मॅडम. आज पानी लेट हाय."