बेडकीला वाईट म्हणायचं नाही

काकू आयुष्यात जेवढे नवस बोलल्या, तेवढे सगळे त्यांनी फेडले. चहातली साखर सोडली, दुपारची झोप सोडली, एकदा तर महिनाभर दुसऱ्याच्या घरातल्या लग्नाची चौकशी करायची सोडली (हा सगळ्यांत जड गेला). पण एक नवस असा होता, की फेडून संपेचना. तो त्या एका गाडीसाठी बोलल्या होत्या, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. नवस देवाशी बोलावा, चारचौघांत त्याची वाच्यता करू नये, ही त्यांच्या आईची शिकवण.

गोष्ट जुनी आहे. काका तेव्हा जमिनी मोजायच्या कामावर होते. कामं सगळी आडवाटेला, म्हणून त्यांनी एक उंच, दणकट, सेकंडहँड गाडी घेतली. स्वस्तात मिळाली, कारण तिचा रंग कोणालाच नको होता. तो हिरवा होता म्हणावं तर हिरव्याचा अपमान, आणि पिवळा म्हणावं तर पिवळ्याचा. आजारी बेडकाचा असावा तसा काहीतरी तो रंग होता. गल्लीतल्या मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, बेडकी. काकूंनी तिला त्याहून वाईट नाव ठेवलं होतं, डबडं.

मग ती दुपार आली. डोंगरातला चढ, समोर हाताचं बोट दिसू नये असं धुकं, मांडीवर चार वर्षांची लेक तापाने फणफणलेली, आणि दवाखाना डोंगराच्या पलीकडे. काकू म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, हे डबडं घेऊ नका." त्याच क्षणी गाडी थांबली. नुसती थांबली नाही, रुसल्यासारखी थांबली. काका बॉनेट उघडून इंजिनाशी जे बोलत होते, ते लिहिण्यासारखं नाही. काकूंनी पोरीला छातीशी धरलं, डोळे मिटले आणि देवाला सांगितलं, "हिला चालू कर. माझ्या पोरीला पोचव. या गाडीबद्दल जन्मात पुन्हा वाकडा शब्द काढणार नाही."

गाडी खोकली आणि सुरू झाली. (काकांचं म्हणणं असं, की त्यांनी शर्टाच्या टोकाने प्लग पुसून कोरडा केला म्हणून सुरू झाली. असू दे.) पोर वेळेवर पोचली, बरी झाली, शिकली, स्वतःच डॉक्टर झाली.

काकूंचा नवस मात्र चालूच राहिला.

नणंद म्हणाली, "वहिनी, या सीटची स्प्रिंग टोचते हो." काकू म्हणाल्या, "झोप लागत नाही ना, प्रवास सगळा बघायला मिळतो." वळणावर मागचा दरवाजा आपोआप उघडायचा, तेव्हा, "हवेशीर आहे." टपातून पाणी गळायचं, तेव्हा, "बाहेर पाऊस आहे हे लगेच कळतं." आणि देव ऐकत असतो म्हणून त्या हे सगळं तोंड भरून म्हणायच्या. वर्षानुवर्षं एखाद्याबद्दल चांगलं बोलत राहिलं की काय होतं कोण जाणे, पण पुढेपुढे काकू बाजारातून येताना फाटकापाशी उभ्या असलेल्या बेडकीच्या बॉनेटवर नकळत हात ठेवू लागल्या. मागच्या सीटवर लेकीने लहानपणी नखाने कोरलेलं घर होतं, घराला एकच खिडकी होती. ती खिडकी त्या कधीमधी बोटाने चाचपून बघायच्या.

इकडे काकांच्या कमरेने केव्हाच असहकार पुकारला होता. दर दोनेक वर्षांनी ते पेपरातल्या जाहिरातीआडून विचारायचे, "बदलू या का गं गाडी?"

काकू काय बोलणार? बदलू या म्हटलं की का म्हणून विचारतील, आणि का म्हणून सांगायला गेलं की नवस मोडला. म्हणून त्या म्हणायच्या, "काय वाईट आहे हिच्यात?"

काका पेपर मिटायचे. बायकोचा जीव गाडीत अडकलाय, तो आपण कशाला दुखवायचा, असं म्हणून कमरेखाली आणखी एक उशी घ्यायचे. शेवटी शेवटी उशा इतक्या झाल्या, की काकांचं डोकं टपाला लागायचं.

आणि एके सकाळी लेकीचा फोन आला. तिची नेमणूक डोंगरावरच्या एका लहान दवाखान्यात होती. डांबरी रस्ता अर्ध्यावर संपायचा, पुढे दगड, चिखल आणि एक ओढा. तिच्या बाळंतपणाला महिना उरला होता.

"आई, तू जवळ हवीस मला. पण त्या बेडकीतून येऊ नका. मागच्या वेळी ओढ्याच्या मध्यात बंद पडली होती."

"दमली होती गं," काकू म्हणाल्या. "जरा विसावली."

"आई, बाबांना गुडघाभर पाण्यातून ढकलायला लागली. या वेळी तसं झालं आणि तुम्ही अडकलात तर मी कोणाकडे बघू?"

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज हलला. काकूंना मांडीवरची ती तापलेली पोर आठवली. जिच्यासाठी नवस बोलला, तिच्यापर्यंत पोचायलाच आता तो नवस आडवा येत होता. त्या देवापुढे दिवा लावून बराच वेळ बसल्या. मग काकांना एवढंच म्हणाल्या, "शोरूममध्ये जाऊन नुसतं बघून तर येऊ."

काकांचा कानांवर विश्वास बसेना. दहा मिनिटांत ते इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यावर हजर.

शोरूम आरशासारखी चकचकीत. टाय लावलेला सेल्समन हसत पुढे आला. "सर, किंमत, मजबुती की लुक? तुमची प्रायॉरिटी काय?"

"आधी खाली काय आहे ते बघू," काका म्हणाले, आणि इस्त्रीच्या शर्टासकट फरशीवर उताणे पडून गाडीखाली सरकले. खिशातून मोजपट्टी काढली.

"सर, जमिनीपासूनची उंची, ग्राउंड क्लिअरन्स, माहितीपत्रकात दिलाय."

"कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन, यांच्यातला फरक मोजण्यात माझा जन्म गेलाय," गाडीखालून आवाज आला. "इकडे जरा टॉर्च धरा."

सेल्समनने आयुष्यात पहिल्यांदा टाय खिशात खोचला आणि गुडघ्यावर बसला. काकांनी चारही चाकांशी माप घेतलं, बंपरवर टकटक केली, दरवाजा चार वेळा आपटून त्याचा आवाज ऐकला. बाहेर आले तेव्हा पाठ काळी आणि चेहरा उजळलेला.

"दणकट आहे. भावही रास्त आहे."

"आणि रंग, सर?"

"रंगाने काही गाडी चढ चढत नाही."

काकू तोवर कोपऱ्यातल्या एका गाडीपाशी जाऊन उभ्या होत्या. ती निळी होती. दिवस कलायच्या आधी आभाळ घटकाभर असतं, तशी निळी. काकूंनी तिच्या दारावर तळहात टेकला. लांबून, डोंगराच्या वळणावरून ही निळी गाडी येताना दिसतेय आणि दवाखान्याच्या पायरीवर एक चिमुकलं माणूस टाळ्या पिटतंय, असं काहीतरी त्यांना दिसून गेलं.

"मॅडमना निळा आवडलेला दिसतोय," सेल्समन म्हणाला.

काकू दचकल्या. "नाही, म्हणजे, कोणताही चालेल." (हे एक वाक्य पुढे त्यांना फार महागात पडलं.)

आता जुनी गाडी देऊन नवी घ्यायची म्हणजे जुनीची तपासणी आली. मागच्या अंगणात मेकॅनिक बेडकीभोवती फिरत होता. माणूस सरळ होता, सरळच विचारत होता.

"दरवाजा लागत नाही?"

"नाही," काका म्हणाले.

"मोकळी राहते," काकू म्हणाल्या.

"हॉर्न?"

"डावीकडे वळलं तरच वाजतो," काका म्हणाले.

"वळण आल्याचं लोकांना आपोआप कळतं."

"इंजिन तापतं का?"

"तापतं," काका म्हणाले.

"थंडीत पायांना फार बरं वाटतं."

मेकॅनिकने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "बाई, इतकी गुणी गाडी विकताय तरी का?"

काकूंनी मागच्या सीटवर लेकीने कोरलेल्या त्या खिडकीकडे पाहिलं आणि डोळे भरून आले. ते पाहून काका एकदम गंभीर झाले.

"राहू दे," ते सेल्समनला म्हणाले. "नाही विकायची. चल गं, घरी जाऊ."

काकूंच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. डोंगर, ओढा, लेकीचा तो हललेला आवाज. एक वाकडा शब्द, 'अहो, ही पोचवणार नाही आपल्याला', एवढा बोलला की काम होणार होतं. तो शब्द ओठांपर्यंत आला. काकूंनी तो गिळला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऑफिसने घरी पाठवलं, ते काय तुम्ही वाईट होतात म्हणून?"

"वय झालं म्हणून."

"हार घातला, भाषणं झाली, शाल दिली. दिली ना? मग हिने तुमच्याहून जास्त ओझं वाहिलंय. हिला आता विश्रांती द्या. सन्मानाने."

काकांनी बेडकीच्या बॉनेटवर एकदा थाप मारली. मेकॅनिकनेही उगाच फडक्याने बेडकीचा आरसा पुसला. पुढे तिला मोडीत न काढता त्याने स्वतःच ठेवून घेतली, कारण एवढी स्तुती त्याने नव्या गाडीचीही ऐकली नव्हती.

व्यवहार झाला. निघताना काका "एक सही राहिली" म्हणून परत आत गेले आणि सेल्समनच्या कानाशी लागले. काकूंनी काचेतून पाहिलं. काका कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. कोपऱ्यात निळी गाडी होती. काकूंचं मन भरून आलं. न बोलता ओळखलं की माणसाने.

गाडी यायला तीन आठवडे होते. तेवढ्यात काकूंनी निळं कापड आणून सीटसाठी उशा शिवल्या, बाळासाठी निळी दुपटी शिवली, उरलेल्या तुकड्याची काकांना टोपी केली.

ठरल्या दिवशी शोरूममध्ये पांढऱ्या कापडाखाली गाडी उभी होती. काकूंच्या हातात निळ्या उशांची पिशवी. काकांनी स्वतः कापड ओढलं.

खाली बेडकी होती.

नवी, चकचकीत, दणकट बेडकी. तोच रंग. फक्त आता बेडूक ठणठणीत बरा झाल्यासारखा दिसत होता.

"कोपऱ्यातल्या रंगांच्या तक्त्यात सापडला हा रंग," काका म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "खास ऑर्डर. जास्त पैसे पडले, पण म्हटलं, पडू देत. तुझा जीव आहे ना या रंगावर."

काकूंनी तोंड उघडलं. रंग तोच होता. याला नावं ठेवली म्हणजे जुनीलाही ठेवली, आणि देव काही बहिरा नाही.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

गाडी मात्र गुणाची निघाली. दगडांवरून गेली, चिखलातून गेली, ओढा असा ओलांडला की पाण्यालाही कळलं नाही. ओढ्यापलीकडे काकांनी निळी टोपी नीट केली आणि म्हणाले, "खरं सांगू? मला हा रंग पहिल्या दिवसापासून आवडला नाही. केवळ तुझ्यासाठी घेतला."

काकू खिडकीबाहेर बघत मनात म्हणाल्या, देवा, हे ते बोलले, मी नाही.

लेक दवाखान्याच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी होती. आधी हसली, मग रडली, मग गाडीकडे बघून म्हणाली, "आई, अगं, पुन्हा बेडकी?"

"तिला नावं ठेवू नकोस," काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठीच..." आणि इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. धुकं, ताप, डबडं, नवस, सगळं. लेकीने आईचा हात धरला तो सोडलाच नाही.

काका मात्र विचारात पडले होते.

"म्हणजे वाईट बोलायचं नाही, असा नवस होता?"

"हो."

"मग 'मला निळी हवी' असं म्हणायला काय हरकत होती?"

हे काकूंना आजवर सुचलंच नव्हतं.

दोन दिवसांनी नात झाली, दोघी सुखरूप. निळ्या दुपट्यात गुंडाळून तिला पहिल्यांदा गाडी दाखवली, तेव्हा ती डोळे मिटून घेऊन मोठ्याने रडली. तिने कसलाच नवस बोललेला नव्हता.

काकू मात्र अजून नेमाने बॉनेटवर हात ठेवतात आणि भेटेल त्याला सांगतात, तेच मी तुम्हालाही सांगते. ज्या गाडीने आपल्या माणसाला एकदा सुखरूप पोचवलं, तिला वाकडा शब्द बोलणार नाही असा नवस तुम्हीही बोला. मन हलकं राहतं, घरात भांडणं कमी होतात. फक्त बोलायच्या आधी एकदा रंग तेवढा नीट बघून घ्या.