पास्कूबावांनी पेरलेलं भात

आमच्या शेजारचे पास्कूबाव चर्चमध्ये कधी बसायचे नाहीत. मिस्सा सुरू झाली की मागच्या दाराशी उभे. उभे तरी कसले, या पायावरून त्या पायावर. प्रवचन लांबलं की बाहेर जाऊन विहिरीत डोकावून यायचे. कुणी बाकावर सरकून जागा केली तर म्हणायचे, "मी बसलो आणि पोरं पळाली तर?"

पोरं पळायचीच. पण पास्कूबावांच्या गळ्यात एक शिट्टी असायची. ती वाजली की सगळ्यांनी अंगणातल्या आंब्याखाली जमायचं. "चला रे, चला गो, बोट सुटली!" जन्म त्यांचा बोटीवर गेला, बावर्ची म्हणून. कायमचे रत्नागिरीत आले तेव्हा आई गेलेली, लग्नाचं वयही गेलेलं. मग त्यांनी चर्चच्या पोरांचं मंडळ धरलं. गाणी बसवायची तीही त्यांनीच. स्वतःचा आवाज असा, की पहिली ओळ म्हटली की पाखरं आंब्यावरून उडायची. "सूर तुमचा तुम्ही बघा," पोरांना सांगायचे, "मी फक्त वेळ दाखवतो."

एका वर्षी आमच्या आळीत पहिला टीव्ही आला आणि रविवारची पोरं आंब्याखालून त्या घराच्या ओटीवर गेली. पास्कूबाव शिट्टी वाजवून वाजवून लाल व्हायचे. नवीन फादर वसईकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. ते शांतपणे म्हणाले, "पास्कू, ओढून आणलेली पोरं किती दिवस टिकणार? यंदा नाताळचा गोठा मुंबईहून तयार आणू. मुलांचं मंडळही बंद करू."

त्या दिवसापासून पास्कूबावांचा पाय घरात ठरेना. आमच्या अंगणातूनच दिवसभर फेऱ्या. "बाय, गोठा काय विकत आणायचा असतो?"

नाताळला चर्चमध्ये बाळ येशूच्या जन्माचा गोठा मांडतात, त्यासाठी आमच्याकडे पोरं करवंटीत भात पेरतात. नाताळपर्यंत वीतभर हिरवे कोंब येतात. मग त्या करवंट्या बाळ येशूभोवती मांडायच्या, म्हणजे शेत दिसतं. पास्कूबावांनी ठरवलं, यंदा प्रत्येक पोराला स्वतः दाणे द्यायचे. मी बाजारात गेले असताना माझ्या अंगणात वाळत घातलेल्या भातातलं टोपीभर उचललं आणि घरोघर वाटत सुटले. जाताना म्हणे प्रत्येक दारात बजावलं, "ज्याचं उगवेल तो बाळ येशूच्या जवळ. बोट सुटली!"

मी आले तर चटईवरचं भात कमी. मला वाटलं, कोंबड्यांनी खाल्लं.

आठवड्याने माझी रूबी करवंटी घेऊन रडत आली. "आई, माझंच उगवत नाय. पास्कू अंकलना काय सांगू?" मी माती उकरली, दाणा बोटांत धरला आणि कपाळाला हात लावला. ते भात माझ्याच चटईवरचं, उकड्या तांदळाचं. पास्कूबावांनी नेलं त्याच्या आदल्या दिवशी मीच उकडून वाळत टाकलेलं. शिजलेला दाणा उगवतोय कसला! बोटीवरच्या माणसाने तांदूळ बघितला तो गोणीतला नाहीतर टोपातला. सालासकट दाणा दिसला की तो पेरायचाच, असंच त्याला वाटणार.

"अंकलना सांगू नको रे," रूबी बाहेर खेळणाऱ्या आळीतल्या फ्रान्सिसला म्हणाली, "त्यांना वाईट वाटेल." म्हणजे त्याचंही उगवलं नव्हतं. मग दोघं कुठे कुठे हिंडली देव जाणे. माझ्या डब्यातली मेथी मात्र अर्धी झाली.

गोठा मांडायच्या दिवशी चर्चमध्ये मी फुलं लावत होते. शिट्टी वाजायच्या आधीच पोरं आली. टीव्हीवाल्या घरातलीसुद्धा. प्रत्येकाच्या हातात हिरवीगार करवंटी! एकीत मेथी, एकीत मूग, एकीत मोहरी, एकीत तर बांधावरचं गवत मुळासकट. एका लहान्याने कांदाच खोचला होता. पास्कूबावांनी स्वतः पेरलेली करवंटीही हिरवी. ती त्यांच्या खिडकीतून कुणी पळवली आणि परत ठेवली, ते मी विचारलं नाही.

फादर वाकून बघत राहिले. कांद्यापाशी थांबले. आता हे बोलणार, हे भात नव्हे म्हणून; मी फुलं खाली ठेवली. पोरं एकमेकांमागे सरकली.

"पीक चांगलं आलंय," फादर म्हणाले. "पास्कू, मंडळ चालू दे."

पास्कूबाव नाचायचेच बाकी होते. "बघा! माझ्या हाताला गुण आहे! बोटीवर उगाच आयुष्य घालवलं!" पोरं एकमेकांना चिमटे काढत हसली.

नाताळ झाला. दोन दिवसांनी पास्कूबाव आपली करवंटी घेऊन आमच्या दारात आले. मी हळूच म्हटलं, "चांगलं आलंय हो भात."

ते पायरीवर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. कोंबांवरून त्यांनी तळवा फिरवला आणि नाकाशी नेला.

"बाय, मी जन्मभर फोडण्या दिल्या. मला मेथीचा वास कळत नाय होय?"

मी पायरीवर त्यांच्याशेजारी टेकले.

"इतक्या बंदरांत नाताळ काढले. पण माझ्यासाठी कुणी एवढी खटपट केली नव्हती." त्यांनी करवंटी मांडीवर घेतली. "पोरांना सांगू नका हां. त्यांना वाईट वाटेल."

मी त्यांना चहा दिला. तो संपला तरी ते उठले नाहीत.