भागीरथी अत्तैंची चाल

कुंभकोणमला असताना आमच्या घरापासून महामखम तळं अगदी जवळ होतं. त्या तळ्याभोवती रोज सकाळी एक सोवळी बाई वाऱ्यासारखी जायची. अंगावर विधवेचं आलवण, हातात तुळशीची माळ, पाय अनवाणी. तळ्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर ती अभंगाची एक ओळ खणखणीत आवाजात सुरू करी आणि अर्ध्यातच सोडून देई. उरलेली ओळ ऐकायला कुणी कान टवकारावे, तर बाई पुढच्या कोपऱ्यावर.

ही बाई म्हणजे माझ्या आत्तेसासूबाई, भागीरथीबाई. तमिळमध्ये आत्याला अत्तै म्हणतात. आमच्या घरच्या मराठीत आणि गल्लीच्या तमिळमध्ये हा एक शब्द असा जवळ आला, की सगळी गल्लीच त्यांना अत्तै म्हणे. मीही तेच म्हणू लागले.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन कुंभकोणमला आले ती पन्नास सालानंतर लगेचच. ह्यांचं घराणं तंजावरच्या राजांच्या काळात तिकडे गेलेलं. ह्यांची तिथल्या कॉलेजात नोकरी होती. घरात आम्ही दोघं आणि अत्तै, एवढीच माणसं. अत्तैंचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी तरी बखर मोठ्याने वाचतंय. "कां गे, मजला सांगिटलें नाहींस?" असं त्या विचारत आणि मी हसू दाबत असे. माझं बोलणं ऐकून त्याही हसत. "तुझी मराठी फार घाईची, आणि चाल मात्र गोगलगायीची," असं एकदा तोंडावर म्हणाल्या.

हे चालण्याचं प्रकरण सुरू झालं ते मुंग्यांमुळे. न्हाणीघरात मुंग्या लागायला लागल्या, अत्तैंचं वजन उतरायला लागलं, तहान म्हणून त्या कळशीच तोंडाला लावायला लागल्या. हे त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर नुकताच मद्रासहून शिकून आलेला, मिशीसुद्धा पुरती न फुटलेला. त्याने तपासून सांगितलं, "साखर आहे. भात निम्मा करा, कॉफीतली साखर बंद, आणि रोज वेगात चाला."

"वेगांत म्हणजे किती?" अत्तैंनी विचारलं.

"म्हणजे भरभर."

"भरभर तर बैलगाडीही जाते. किती तें सांग."

डॉक्टरने थोडा विचार केला. "असं चाला, की चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. आणि पावलं रोज कालच्यापेक्षा थोडी जास्त टाका."

बिचाऱ्याने सहज सांगितलं असेल. अत्तैंनी मात्र ते वेदवाक्य मानलं. गाता येऊ नये, तर गाऊन पाहिल्याशिवाय कळणार कसं? म्हणून तळ्याच्या चारी कोपऱ्यांवर परीक्षा. ओळ मध्येच तुटली, दम लागला, की चाल बरोबर. ओळ पुरी झाली तर त्या स्वतःवरच चिडायच्या. "हळू झालें, हळू झालें," म्हणत पुढची बाजू जवळजवळ पळतच जायच्या.

पावलं मोजायला जपमाळ होती. एका पावलाला एक विठ्ठल, एका विठ्ठलाला एक मणी. माळ पुरी झाली की पदराला एक गाठ. गल्लीतली माणसं म्हणत, केवढं हे नामस्मरण! एकदा कुणी भाविक गृहस्थ त्यांना वाटेत आडवे आले आणि हात जोडून विचारू लागले, "अत्तै, कोणता मंत्र जपता?" अत्तैंचा मणी चुकला. त्या गर्रकन वळल्या, पहिल्या कोपऱ्यावर परत गेल्या आणि फेरी मुळापासून सुरू केली. गृहस्थ तसेच हात जोडून उभे.

मी घरी त्यांना म्हटलं, "अत्तै, देवाच्या नावाने पावलं मोजता, हे बरं का?"

"कां? पाय आपण उचलावा, पुढें ठेवायचें विठ्ठल पाहतो. त्याचेंच काम आहे, त्याचेंच नांव घ्यावें."

हे त्यांचं आवडतं वाक्य. मला त्यांनी बळेच चालायला नेलं तेव्हा ते मी शेकडो वेळा ऐकलं. मला माहेरची आठवण येई, तमिळ कळत नसे, आणि त्या दुःखावर मी दिवसभर कॉफी पीत बसे. कुंभकोणमची कॉफी फार चांगली, त्यामुळे मी रुंद होत चालले होते. पहिल्या दिवशी तळ्याची एक बाजू संपेपर्यंत मला धाप लागली.

"लांब ढांग टाकूं नको गे," अत्तै मागे न बघता ओरडल्या. "लहान टाक, पण लौकर टाक. खाली काय पाहतेस? पाय कुठें पळून जात नाहींत. हात हलव!"

हात हलवून चालणारी बाई मिरजेतही कुणी पाहिली नव्हती. मला लाज वाटे. पण महिन्याभरात त्यांच्या पदराचं टोक माझ्या नजरेच्या टप्प्यात राहू लागलं, आणि आणखी काही दिवसांनी मी त्यांच्या बरोबरीने चालू लागले. दारोदारी पहाटे काढलेल्या कोलमच्या रांगोळ्या असत. अत्तै त्या वेगातही एकीलाही पाय लावत नसत. मी दोन-तीन पुसल्या आणि शिव्याही खाल्ल्या. त्या तमिळमध्ये असल्याने मला फारशा लागल्या नाहीत.

एकादशीला अत्तै जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाला जात, तेही पायीच. तिथला भजनाचा मठ जुना. आधी त्या पोचत तेव्हा आरती चाललेली असे. चालीत सुधारणा झाली तशा मधल्या अभंगांना पोचू लागल्या, मग सुरुवातीच्या तोडयमंगळाला. एका एकादशीला तर त्या मठाच्या पायरीवर बसून राहिल्या, कारण किल्लीवाला यायचा होता. तो आला तेव्हा त्यालाच म्हणाल्या, "इतका उशीर?"

आता तहसीलदारांविषयी सांगायला हवं. आमच्या समोरच्या घरात वेंकटराम अय्यर नावाचे निवृत्त तहसीलदार राहत. तेही सकाळी फिरायला निघत. हातात काठी, गळ्यात मफलर, आणि पावलं अशी की जणू जमिनीची मोजणी चाललीय. माणूस जुन्या वळणाचा. सकाळी सोवळी बाई समोरून आली म्हणजे अपशकुन. ते अत्तैंना पाहिलं की घरी परतत, पाय धुऊन घोटभर पाणी पीत आणि पुन्हा निघत. पण अत्तै तर फेऱ्या मारणाऱ्या. ते पुन्हा निघावेत आणि तळ्याच्या वळणावर पुन्हा अत्तै समोर! तहसीलदारांचं फिरणं म्हणजे घर ते वळण आणि वळण ते घर, एवढंच होऊन बसलं.

शेवटी त्यांनी ह्यांना गाठून सांगितलं, "तुमच्या अत्तैंना म्हणावं, ऊन वर आल्यावर निघत जा."

हे घरी आले ते खाली मान घालूनच. जेवताना कसंबसं बोलले. माझा संताप संताप झाला. अत्तैंनी शांतपणे ताकाचा घोट घेतला.

"समोरून येत्यें हीच अडचण ना? सरी, बरें तर. फेरीची दिशा बदलत्यें. उद्यांपासून मागून येत्यें."

दुसऱ्या दिवसापासून तसंच झालं. तहसीलदार ज्या दिशेने चालत त्याच दिशेने अत्तै. त्या समोर येतच नसत. मागून येत आणि सर्रकन पुढे निघून जात. थोड्या वेळाने पुन्हा मागून. तहसीलदारांना आता तक्रार करायला जागा नव्हती. पण एका बाईने, तीही वयाने मोठी, आपल्याला रोज इतक्या वेळा मागे टाकावं हे त्यांना सोसेना. त्यांनी पावलं उचलायला सुरुवात केली. काठी टेकायची ती बगलेत गेली. मग मफलर घरी राहिला. मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे बघत ते चालायचे, आणि अत्तैंची माळ वाजली की कोट घातलेल्या हरणासारखे सुटायचे.

दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नसत. शर्यत आहे असं दोघांनीही कधी कबूल केलं नाही. गल्ली मात्र ओट्यांवर बसून बघायची.

एव्हाना मला तमिळ कळू लागलं होतं. तहसीलदारांच्या बायकोने एकदा मला हळूच सांगितलं, "ह्यांचे गुडघे दुखायचे थांबले गं. रात्री झोप लागते. माझ्यावर ओरडणंही कमी झालंय." आणि तिकडे डॉक्टर अत्तैंची साखर पुन्हा तपासून खूश झाला. आपल्या दुसऱ्या रोग्यांना तो सांगू लागला, "तळ्यावर जा आणि त्या अत्तै कशा चालतात ते बघून या." माणसं खरंच येऊ लागली. आधी दोघी बायका, मग चौघी-पाचजणी. मी अत्तैंच्या शेजारून पहिल्या रांगेत चाले. मिरजेला लिहिलेल्या पत्रांत रडगाणं संपलं आणि अत्तैंचं कौतुक सुरू झालं.

एका सकाळी तहसीलदार आलेच नाहीत. अत्तैंनी एक फेरी केली, दुसरी केली. तिसऱ्या फेरीला त्या सरळ त्यांच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या दारात त्या कधीच उभ्या राहत नसत. मी घाबरले.

"काय झालं? का आले नाहीत?" त्यांनी रस्त्यावरूनच तमिळमध्ये विचारलं.

बायको बाहेर आली. "ताप आहे अंगात."

आतून तहसीलदारांचा आवाज आला. "अत्तैंना सांग, ताप उतरला की येतो. तोवर पुढे जाऊ नका म्हणावं."

"पुढें न जाऊन कसें होईल?" अत्तै मला मराठीत म्हणाल्या, आणि चालू लागल्या. पण त्या दिवशी चारी कोपऱ्यांवर अभंगाची ओळ पुरी झाली, आणि त्या स्वतःवर चिडल्या नाहीत.

मला दिवस गेले तेव्हाही डॉक्टरला विचारून अत्तैंनी माझं चालणं चालू ठेवलं. सातव्या महिन्यात वळैकाप्पु करायचं ठरलं. गरोदर बाईच्या हातात सगळ्या सवाष्णी एकेक करून काचेच्या बांगड्या भरतात, असा तो तिकडचा सोहळा. तंजावरहून नातेवाईक आले. घर बायकांनी भरून गेलं. मी नटून पाटावर बसले आणि इकडेतिकडे पाहिलं. अत्तै कुठेच नव्हत्या.

ह्यांना बोलावून विचारलं. हे जरा घुटमळले. "चालायला गेल्या असतील. घरात काही शुभकार्य असलं की त्या अशाच जातात. माझ्या मुंजीतही गेल्या होत्या, आपल्या लग्नानंतरच्या पूजेलाही."

ऊन चांगलं तापलं होतं. मी पाटावरून उठले. बायका "अगं, अगं" करत राहिल्या आणि मी तशीच तळ्याकडे निघाले. अत्तै भर उन्हात चालत होत्या, एकट्याच. माळ हातात नव्हती. मला पाहून थबकल्या.

"वेड लागलें का गे? अशा वेळीं उन्हांत?"

"तुम्ही घरी का नाही?"

त्या तळ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मी नऊ वर्षांची असतां हें असें झालें. तेव्हांपासून अशा दिवशीं मी कुठेंही बैसलें, की कुणी तरी येऊन म्हणतें, भागीरथी, ऊठ, जरा तिकडे हो. वाईट मनानें म्हणत नाहींत. पण म्हणतात. चालणारीस कोण ऊठ म्हणणार?"

 मी म्हटलं, "माझे पाय सुजलेत. घरापर्यंत एकटीने जाववणार नाही."

हे खरंच होतं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. इतक्या हळू, की मला वाटलं, आता अख्खा अभंग म्हणून होईल. पण त्या काही गायल्या नाहीत.

घरात शिरलो तशी कुजबुज थांबली. मी त्यांचा हात सोडला नाही. तंजावरच्या एक वयस्क नातेवाईक बाई पुढे झाल्या. "भागीरथी, तूं जरा..."

तेवढ्यात समोरच्या घरच्या तहसीलदारबाई, ज्या माझ्या पाटाला लागूनच बसल्या होत्या, त्यांनी अंग चोरून बाजूला जागा केली आणि चटईवर हात आपटला. "अत्तै, इंगे उक्कारुंगो." इथे बसा.

वयस्क बाई बोलायच्या थांबल्या. अत्तै माझ्याकडे बघत होत्या. मग खांबाला पाठ लावून त्या बसल्या.

बांगड्या भरणं सुरू झालं. गाणी झाली. तहसीलदारबाईंनी फार बेसूर गाणं म्हटलं आणि सगळ्याजणी हसल्या. मी वळून पाहिलं तर अत्तैंचे डोळे मिटलेले. पाय समोर लांब केलेले, तळवे धुळीने लाल, मान एका बाजूला कललेली. त्यांना झोप लागली होती. जेवणाची पानं वाढली गेली, तेव्हा त्यांच्याभोवतीची जागा सोडून मांडली. त्यांना कुणी उठवलं नाही.